पांढऱ्या चादरीवरचे पतंग

मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की कोकणातल्या आमच्या घरी रात्रीच्या जेवणाची जागा बदलत असे. स्वयंपाकघरातला दिवा मालवायचा, पडवीतला लावायचा आणि पडवीतून आत येईल तेवढ्याच उजेडात पाने मांडायची. तसे केले नाही तर आमटीत वाळवीचे पंख आणि भातावर भुंगेरे ठरलेले. पडवीतल्या दिव्याभोवती मात्र जत्रा भरलेली असे आणि आम्हा मुलांचे अर्धे लक्ष तिकडे.

मोठेपणी ती जत्रा मुद्दाम भरवायला लागून मला आता बरीच वर्षे झाली. एक जुनी पांढरी चादर, एक दिवा, एक वही आणि साधा कॅमेरा, एवढ्या सामग्रीवर हा छंद चालतो. त्यासाठी जंगलात जावे लागत नाही. अंगण, गच्ची, शाळेचा व्हरांडा किंवा चाळीची गॅलरी पुरते. भारतात फुलपाखरांच्या तेराशेच्या आसपास जाती आहेत. त्यांच्याच कुळातल्या, पण बहुतेक रात्री उडणाऱ्या पतंगांच्या जाती सुमारे बारा हजार आहेत. दिवसा बागेत आपण जे पाहतो, ते या मंडळींचा लहानसा हिस्सा असतो. उरलेली सारी आपण झोपल्यावर बाहेर पडते.

या छंदाची एक किंमतही आहे. ती पतंगाला मोजावी लागते. मला ती फार उशिरा कळली. तिच्याविषयी पुढे सांगेन.

चादर कशी बांधावी

दोन खांबांना किंवा झाडांना दोरी बांधून तिच्यावर चादर वाळत घातल्यासारखी सोडावी. खालचा काठ जमिनीवर हातभर पसरू द्यावा. बरेच भुंगेरे आधी खाली पडतात आणि मग चालत वर चढतात. दिवा चादरीपासून हातभर अंतरावर, आपल्या छातीच्या उंचीवर टांगावा. वायर उघडी नसावी. होल्डरवर पाऊस पडणार नाही अशी जागा निवडावी. विजेचे हे काम मोठ्यांनीच करावे, मुलांवर सोपवू नये.

दिवा कोणता? येथे थोडे प्रकाशाचे शास्त्र लागते. आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. पुष्कळशा कीटकांना लाल रंग नीट दिसत नाही. उलट आपल्याला न दिसणारा, ४०० नॅनोमीटरच्या अलीकडचा अतिनील प्रकाश त्यांना उत्तम दिसतो. म्हणून पूर्वी रस्त्यांवर असत ते पाऱ्याच्या वाफेचे दिवे कीटकांना फार खेचत. त्या प्रकाशात अतिनील भाग भरपूर असे. नळीच्या दिव्यात तो थोडा असतो. हल्लीच्या पांढऱ्या एलईडीत जवळजवळ नसतोच, तरीही त्यातल्या निळ्या प्रकाशाकडे कीटक येतात. पिवळसर एलईडीकडे सगळ्यांत कमी येतात. नोटा तपासण्यासाठी दुकानदार जांभळा दिवा वापरतात. तशा प्रकारचा अतिनील एलईडीचा दिवा साध्या पांढऱ्या दिव्याच्या जोडीला लावला, तर चादर लवकर भरते. मात्र त्या दिव्याकडे टक लावून पाहू नये. तो मंद दिसतो म्हणून निरुपद्रवी वाटतो, तसा तो नसतो.

या दिव्यापुढे धुतलेली चादर निळसर चमकू लागते, हे मुले लगेच दाखवतात. कपडे धुण्याच्या पावडरीत मिसळलेली द्रव्ये अतिनील प्रकाश शोषतात आणि निळा प्रकाश बाहेर टाकतात. कपडा 'जास्त पांढरा' दिसतो तो त्यामुळेच. न धुतलेले मांजरपाट आणि धुतलेला शर्ट शेजारी धरून पाहावे. प्रतिदीप्ती शिकवायला याहून सोपे साधन मला माहीत नाही.

अमावास्येच्या मागेपुढे, ढगाळ, उकाड्याची, वारा पडलेली रात्र सर्वांत चांगली. पौर्णिमेला आणि वाऱ्यात निम्मी गर्दीही होत नाही. हंगाम म्हणाल तर वळवाच्या पावसापासून दिवाळीपर्यंत.

कोण कोण येते

पहिल्या तासात तुडतुडे, लहान भुंगेरे, ढेकण्या आणि चिलटे यांचीच भाऊगर्दी असते. मे-जूनमध्ये पाऊस पडून गेलेल्या संध्याकाळी तपकिरी भुंगेऱ्यांचे थवे आले, तर शेतकऱ्याच्या घरातले मूल त्यांना ताबडतोब ओळखते. हे हुमणीचे भुंगेरे. यांच्याच अळ्या उसाची आणि भुईमुगाची मुळे खातात. बाभळीवर व कडुनिंबावर जमलेले हे भुंगेरे फांद्या हलवून गोळा करायचे किंवा प्रकाशसापळ्यात पकडायचे, हा जुना उपाय आजही सांगितला जातो. आपली चादर हे त्या सापळ्याचेच सौम्य रूप आहे.

नऊच्या सुमारास पतंग येऊ लागतात. काही वाळक्या पानासारखे, काही पक्ष्याच्या विष्ठेसारखे, काही चक्क सालीच्या ढलपीसारखे. निमुळते पंख आणि जाड शरीर असलेले ससाणा-पतंग विमानासारखे घरघरत येतात. कण्हेरीवर, तगरीवर किंवा सदाफुलीवर वाढणाऱ्या अळीचा हिरवा-गुलाबी पतंग त्यांपैकीच. पाठीवर कवटीसारखी खूण असलेला पतंगही त्यांतलाच. तो मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध पितो आणि हातात धरला तर चिवचिवतो. मध्यरात्रीनंतर, नशीब असेल तर, सह्याद्रीच्या आसपास प्रचंड अ‍ॅटलास पतंग येतो. दोन्ही तळहात शेजारी ठेवले तरी त्याचे पंख बाहेर उरतात. या पतंगाला खाण्याजोगे तोंडच नसते. अळीपणी साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम आठवडाभर जगतो. तेवढ्यात जोडीदार शोधायचा आणि अंडी घालायची. हा आठवडा लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

पतंगांना हात न लावणे बरे. पंखांवरची भुकटी म्हणजे बारीक खवले असतात, ते एकदा झडले की पुन्हा येत नाहीत. पण मुलांना एक गंमत जरूर दाखवावी. चादरीजवळ भिरभिरणाऱ्या पतंगांच्या शेजारी किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवावा. काही पतंग एकदम पंख मिटून खाली पडतात, काही वेडीवाकडी वळणे घेत निसटतात, तर काहींना पत्ताच नसतो. किल्ल्यांच्या आवाजात आपल्याला ऐकू न येणारे श्राव्यातीत ध्वनीही असतात. वटवाघळे तशाच ध्वनीने शिकार शोधतात. ज्या पतंगांना कान आहेत, त्यांना वाटते वटवाघूळ आले.

एका पाहुण्यापासून मात्र जपावे. सेंटिमीटरभर लांब, मुंगीसारखा, केशरी-काळ्या पट्ट्यांचा एक सडपातळ भुंगेरा पावसाळ्यात दिव्यावर येतो. तो चावत नाही. अंगावर चिरडला गेला तर त्याच्या शरीरातल्या पेडेरिन या द्रव्याने दुसऱ्या दिवशी कातडी भाजल्यासारखी होते आणि फोड येतात. अंगावर बसला तर फुंकर मारून उडवावा, झटकन चापट मारू नये. बाह्या लांब असाव्यात आणि काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत. चादरीखाली बेडूक जमतात आणि बेडकांमागून कधी साप येतो, म्हणून पायांत बूट आणि हातात विजेरी असू द्यावी.

दिव्यावर झेप?

दिव्यावर झेप घेऊन जळून जाणारा पतंग आपल्या कवितेत आणि कीर्तनात पिढ्यान्‌पिढ्या आहे. प्रेमात वेडा झालेला म्हणून त्याची कीर्ती. शाळेत मला सांगितलेले स्पष्टीकरण जरा कमी काव्यमय होते. पतंग चंद्राशी ठरावीक कोन राखून सरळ रेषेत उडतात. दिवा जवळ असल्याने तोच कोन राखताना ते सर्पिल वळणे घेत त्यावर येऊन पडतात. हे स्पष्टीकरण फळ्यावर काढायला इतके सोयीचे आहे की आम्ही ते वर्षानुवर्षे काढत राहिलो.

जानेवारी २०२४ मध्ये सॅम्युअल फॅबियन, यश सोंधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात वेगळेच चित्र मांडले. त्यांनी प्रयोगशाळेत पतंगांच्या व चतुरांच्या अंगावर अगदी हलक्या खुणा चिकटवल्या. कोस्टा रिकाच्या जंगलात दिव्यांभोवती वेगवान कॅमेरे लावले आणि किडे हवेत नेमके कसे वळतात ते टिपले. सर्पिल मार्गाने आत येणारा कीटक त्यांना दिसला नाही. त्यांना दिसले ते असे, की उडता कीटक आपली पाठ दिव्याकडे करतो.

यात अर्थ काय? रात्रीसुद्धा आभाळ जमिनीपेक्षा उजळ असते. कोट्यवधी वर्षे 'जिकडे उजेड तिकडे वर' हा नियम कधी चुकला नाही. पाठ उजेडाकडे ठेवली की शरीर आपोआप सरळ राहते. वर-खाली ओळखायला गुरुत्वाकर्षण आहेच की, असे कोणी म्हणेल. पण पाण्याने भरलेली बादली जोरात गोल फिरवली तर पाणी सांडत नाही, हे आपण मुलांना करून दाखवतो. तेव्हा बादलीतल्या पाण्याला 'खाली' कुठे आहे हे कळेनासे झालेले असते. क्षणाक्षणाला वळणाऱ्या इवल्याशा कीटकाची अवस्था तशीच. त्याला आभाळाचा आधार जास्त भरवशाचा. मासेही पोहताना उजेडाकडे पाठ करतात, हे मत्स्यालयाला बाजूने दिवा लावून पाहता येते.

आता दिवा शेजारी आला. पतंग त्याच्याकडे पाठ करतो म्हणजे एका अंगावर कलतो. कललेली सायकल जशी वळते तसा कललेला पतंग वळतो आणि दिव्याभोवती फेऱ्या घालू लागतो. दिव्याच्या वरून गेला तर पाठ खाली करायला जातो, उलटा होतो आणि कोसळतो. दिव्याच्या खालून गेला तर वर चढत चढत वेग हरवून बसतो. या संशोधकांनी दिवा जमिनीवर अंथरलेल्या पांढऱ्या कापडाकडे वळवला, तेव्हा वरून जाणारे कीटक उलटे होऊन आपटले. तेच कापड छतासारखे वर ताणून त्यावर खालून उजेड टाकला, तेव्हा ते खालून व्यवस्थित उडत गेले.

म्हणजे आपण ज्याला झेप समजत होतो ती झेप नव्हेच. तो तोल जाणे आहे. त्याला दिवा हवाहवासा वाटत नसतो, त्याला दिव्याजवळून सुटता येत नसते.

हे संशोधन दिव्याजवळ काय घडते ते सांगते. लांबचे कीटक दिव्यापर्यंत का पोचतात, हा प्रश्न त्याने मिटलेला नाही. अपवादही आहेत. प्रयोगशाळेत त्यांनी घेतलेला कण्हेरीवरचा पतंग दिव्यावरून सरळ उडून गेला, उलटला नाही. आमच्या चादरीवर मात्र तो येऊन बसतो. या कोड्याचे उत्तर मला देता येत नाही आणि तसे मी मुलांना सांगतोही. चांगल्या मोबाइल फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रे घेणारी मंदगती चित्रफीत काढता येते. दिव्यापासून तीन-चार हातांवरून अशी चित्रफीत घ्यावी आणि प्रत्येक पतंगाची पाठ कोणीकडे आहे ते मोजावे. अकरावी-बारावीच्या प्रकल्पाला हा विषय उत्तम आहे. चादर उभी, जमिनीवर आणि डोक्यावर आडवी, अशा तीन पद्धतींनी प्रयोग करून पाहता येतो.

फोटो काढताना

चादरीवर बसलेला पतंग बहुधा स्तब्ध असतो, त्यामुळे फुलपाखरापेक्षा त्याचा फोटो सोपा. तरी पहिले शंभर फोटो वाया जातात. माझे गेले.

पहिली अडचण स्पष्टतेची. वस्तू जितकी जवळ, तितका स्पष्ट दिसणारा थर पातळ. कॅमेऱ्यात पतंगाची प्रतिमा त्याच्या खऱ्या आकाराएवढी पडत असेल तर भिंगाचे छिद्र बरेच लहान करूनही हा थर जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीचा असतो. तिरक्या कोनातून फोटो घेतला तर डोळा स्पष्ट आणि पंखाचे टोक धुरकट. म्हणून कॅमेऱ्याची पाठ पतंगाच्या पंखांना समांतर धरावी, म्हणजे सगळा पंख त्या पातळ थरात सामावतो. बाजूने घ्यायचा असेल तर डोळ्यावर नेम धरावा आणि बाकीचे सोडून द्यावे. छिद्र फारच लहान केले तर विवर्तनामुळे सगळेच चित्र मऊ पडते, त्यामुळे त्यालाही मर्यादा आहे.

मोबाइलच्या कॅमेऱ्याचे संवेदक लहान असल्याने त्यात हा थर बराच जाड मिळतो. येथे स्वस्त साधन महागापेक्षा सरस ठरते, हे ऐकून मुले खूश होतात. घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात ते भिंग मोबाइलच्या भिंगासमोर चिकटपट्टीने लावावे. ते पाचपट मोठे दाखवणारे असेल तर त्याचे नाभीय अंतर सुमारे पाच सेंटिमीटर असते. पतंग बरोबर तेवढ्या अंतरावर आला की त्याच्यापासून निघालेले किरण भिंगातून समांतर बाहेर पडतात. मोबाइलला वाटते वस्तू फार लांब आहे आणि तो ती सहज टिपतो. दहावीच्या पुस्तकातली किरणाकृती येथे हातात धरता येते. पंखावरचे खवले कौलांसारखे एकावर एक रचलेले दिसले की भिंगाचे प्रकरण पुन्हा शिकवावे लागत नाही.

दुसरी अडचण चादरीची. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरी राखाडी आहे असे धरून चालतो. पांढरी चादर दिसली की त्याला उजेड फार वाटतो आणि तो चित्र काळवंडतो. चादर राखाडी येते, पतंग काळा. यासाठी प्रकाश एक-दीड पायरी वाढवण्याची सोय जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्यात असते, ती वापरावी. फ्लॅश थेट मारला तर पंख सपाट आणि चकचकीत दिसतात. फ्लॅशपुढे बटर पेपरची घडी धरावी, किंवा विजेरी बाजूने खाली धरून तिरका उजेड टाकावा. तिरक्या उजेडात पंखाचे उंचवटे दिसतात.

पतंग चादरीवरच सुंदर दिसला पाहिजे असे नाही. एखादे पान किंवा काटकी त्याच्या पायांपुढे हळूच धरली तर तो चढतो. सालीवर नेऊन ठेवला की मगाशी उठून दिसणारा पतंग दिसेनासा होतो. असे दोन फोटो शेजारी लावले की मायावरणावर वेगळे व्याख्यान लागत नाही. चांगल्या फोटोसाठी पतंग शीतपेटीत ठेवून थंड करण्याची युक्ती काही जण सांगतात. शाळेत ती शिकवू नये असे माझे मत आहे.

केवढा होता?

सुरुवातीच्या दोन पावसाळ्यांतले माझे फोटो मी एका जाणकाराला मोठ्या अभिमानाने दाखवले. एका पतंगावर थांबून त्यांनी विचारले, "केवढा होता?" मी बोटांनी अंतर दाखवले, ते मलाच खरे वाटेना. "कधी मिळाला?" पावसाळ्यात. "किती वाजता?" गप्प. ते हसले नाहीत, पण पुढचे फोटो त्यांनी भरभर उलटले.

घरी येऊन पत्नीने चादरीच्या चारही कोपऱ्यांत काळ्या दोऱ्याने सेंटिमीटर-सेंटिमीटरवर टाके घालून दिले. आता मोठा पाहुणा कोपऱ्याजवळ बसला तर मोजमाप फोटोतच येते. नाहीतर आलेखाच्या कागदाची पट्टी शेजारी धरतो. वहीत तारीख, वेळ, गाव, पाऊस, वारा, चंद्राची तिथी आणि दिव्याचा प्रकार लिहितो. मुलांची वही याहून बोलकी असते. एका विद्यार्थिनीने 'आज वीज दोनदा गेली, दोन्ही वेळा चादरीवरचे निम्मे उडून गेले' असे लिहिले होते. तेव्हा मला त्या नोंदीचे मोल कळले नव्हते.

नाव शोधायला घाई करू नये. भारतातल्या पतंगांची पहिली मोठी ओळख जॉर्ज हॅम्प्सन यांनी करून दिली. ते काही काळ निलगिरीत चहाचे मळेवाले होते. १८९२ ते १८९६ या काळात त्यांचे चार खंड निघाले. ससाणा-पतंगांचा पाचवा खंड १९३७ साली आला, त्याच्या दोन लेखकांपैकी एक होते टी. आर. बेल. हे मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यातले अधिकारी, कारवारला राहणारे. त्यांनी अळ्या गोळा करून, वाढवून, कोणती अळी कोणत्या झाडावर आणि तिचा पतंग कोणता हे जुळवले. घरी बसून केलेले काम किती दूर जाते याचा हा आपल्या शेजारचा दाखला. आज 'मॉथ्स ऑफ इंडिया' या संकेतस्थळावर किंवा 'आयनॅचरलिस्ट'वर फोटो टाकून जाणकारांचे मत घेता येते. जुलैच्या अखेरच्या आठवड्यात २०१२ पासून 'नॅशनल मॉथ वीक' पाळला जातो. त्यात भारतातूनही नोंदी जातात. पुष्कळ जातींचे नेमके नाव नुसत्या फोटोवरून कोणालाच देता येत नाही, कारण शरीराच्या आतली रचना पाहावी लागते. तेव्हा कुळापर्यंत पोचलो तरी समाधान मानावे.

साध्या दिसणाऱ्या पतंगाचीही नोंद टाळू नये. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली भारतात प्रथम कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोचली. तिचा पतंग लहान, करडा, कोणाचेही लक्ष न जाणारा. असा पाहुणा गावात प्रथम कधी आला, हे सांगणारी तारीखवार वही गावात असावी.

दिव्यावाचून

वीज नसेल किंवा दिवा नको असेल तर पिकलेली केळी, गूळ आणि थोडे पाणी कालवून दोन दिवस आंबवावे आणि ब्रशने झाडाच्या खोडावर फासावे. संत्र्या-मोसंबीच्या फळांना सोंड खुपसणारे जाड पतंग त्यावर रात्री येतात. विजेरीवर लाल जिलेटिन कागद लावला तर ते बिचकत नाहीत. मात्र मुंग्या आधी येतात. सर्वांत शांत मार्ग झाडे लावण्याचा. कढीलिंब, लिंबू, पानफुटी आणि कण्हेर यांच्या चार कुंड्या असल्या तर अंडी, अळी, कोष आणि पाखरू असे सगळे वर्षभर दारात घडते. फक्त पाने कुरतडलेली दिसली की औषध मारायचे नाही, एवढे घरच्यांना पटवावे लागते. ते सर्वांत अवघड.

रात्रभर जळलेला दिवा

सुरुवातीच्याच एका श्रावणात रात्री अकराला मला झोप आवरेना. पहाटे उठून पाहू, म्हणून दिवा तसाच ठेवला. उजाडल्यावर बाहेर आलो तो दयाळ आणि बुलबुल चादरीवरून उडाले. दोन कोतवाल वरच्या तारेवर बसून होते. चादर जवळपास रिकामी होती आणि खालच्या काठावर पंख पडले होते. पानासारखे, सालीसारखे, डोळ्यांच्या खुणा असलेले. एका अ‍ॅटलासचे तीन पंख शाबूत होते. शेजारची सातवीतली मुलगी रोज सकाळी बघायला येत असे. तिने ते पंख ओंजळीत घेतले आणि म्हणाली, "काका, तुम्ही यांना बोलावलंत, मग परत नाही पाठवलं?"

पक्ष्यांचा दोष नाही. दिव्याने हे पतंग जागच्या जागी खिळवून ठेवले होते आणि उजेड झाल्यावर पळण्याचे बळ त्यांच्यात उरले नव्हते. ज्याला आठवडाभराचेच आयुष्य आहे, त्याची एक अख्खी रात्र मी फोटोसाठी घेतली होती. तीही जोडीदार शोधायची.

एका चादरीने जाती नाहीशा होत नाहीत हे खरे. पण रस्त्यावरचे दिवे रोज रात्रभर जळतात. इंग्लंडमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पथदिव्यांखालच्या कुंपणझुडपांत अळ्या न उजळलेल्या कुंपणांपेक्षा ४७ टक्के कमी आढळल्या. पांढऱ्या एलईडीचा परिणाम जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांपेक्षा जास्त होता. शाळेच्या भिंतीवर रात्रभर जळणारा पांढरा दिवा पिवळसर करता येईल का, किंवा दहानंतर बंद ठेवता येईल का, हे दोन दिव्यांच्या साध्या प्रयोगानंतर मुलांनाच ठरवू द्यावे. एकीकडे पांढरा, दुसरीकडे पिवळसर, सारख्याच वॉटचा. दर पंधरा मिनिटांनी कीटक मोजायचे आणि दुसऱ्या रात्री दिव्यांच्या जागांची अदलाबदल करायची. ही अदलाबदल विसरली तर फरक दिव्याचा की जागेचा, हे सांगता येणार नाही.

आमच्याकडे आता दिवा सातला लागतो आणि दहाला मालवतो. महिन्यात तीन-चार रात्रींपेक्षा जास्त नाही, आणि लागोपाठच्या रात्री तर नाहीच. दिवा मालवल्यावर लगेच आत जायचे नाही. डोळे अंधाराला सरावेपर्यंत तिथेच बसायचे. आधी लहान चिलटे जातात. जड ससाणा-पतंग जागेवरच थरथरू लागतात. उडण्याचे स्नायू तापवल्याशिवाय त्यांना उडता येत नाही. ती बारीक घरघर अंधारात नीट ऐकू येते, मग एकाएकी थांबते आणि तेवढी जागा रिकामी होते. अर्ध्या तासाने जे उरतात त्यांना पानावर चढवून झुडपात, पानांच्या खालच्या बाजूला सोडायचे. चादरीची मागची बाजू, खालच्या काठाच्या घड्या आणि आपल्या सदऱ्याची कॉलर तपासायची. चादर त्यानंतरच काढायची.